खुर्ची ही भिंत नाही

नवरात्राची साफसफाई सुरू झाली की डायनिंग टेबलाभोवतीच्या जुन्या खुर्च्यांकडे घरातल्या कोणाची तरी नजर जातेच. पाठीच्या वरच्या पट्टीवर काळपट थर साचलेला असतो, कडांचं पॉलिश उडालेलं असतं, एखादी खुर्ची बसताना कुरकुरते. ‘दिवाळीच्या आधी रंग मारून टाकू’ हे पाच मिनिटांत ठरतं. डबा येतो, ब्रश येतो, रविवारी सकाळी गॅलरीत वर्तमानपत्रं पसरली जातात. आणि होळी येईस्तोवर बैठकीच्या कडेला पोपडे सुटू लागतात. मग खापर रंगावर किंवा दुकानदारावर फुटतं.

बहुतेक वेळा दोष रंगाचा नसतो. घरच्या रंगकामाची आपली सगळी समज भिंतीवरून आलेली असते आणि तीच आपण खुर्चीला लावतो. भिंत जागची हलत नाही आणि तिच्यावर कोणी बसत नाही. खुर्ची रोज ओढली जाते, साठ-सत्तर किलोंचं वजन पेलते, पोरं तिला मागच्या दोन पायांवर झुलवतात, वरणभाताचे हात तिला पुसले जातात, आणि फरशी पुसणारं ओलं फडकं तिच्या पायांना रोज लागतं. हा फरक लक्षात घेतला की पुढचे बरेचसे गैरसमज आपोआप उघडे पडतात.

‘काळं पडलंय म्हणजे लाकूड गेलं’

पाठीच्या पट्टीवरचा तो काळा थर म्हणजे लाकूड नव्हे. केसांना लावलेलं खोबरेल तेल, हातांचा घाम, स्वयंपाकघरातल्या फोडण्यांची वाफ आणि धूळ यांचं ते वर्षानुवर्षांचं मिश्रण असतं. खाली पॉलिश आणि त्याखाली लाकूड बहुधा ठणठणीत असतं. म्हणून पहिलं काम ब्रशचं नाही, फडक्याचं. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, नीट पिळलेलं फडकं, मागोमाग स्वच्छ ओलं फडकं आणि लगेच कोरडं. तेलाचा थर फारच चिवट असेल तर फडक्यावर थोडं टर्पेंटाइन घेऊन पुसायचं.

इथे क्रम महत्त्वाचा आहे. ‘आधी घासू, मग पुसू’ असं बहुतेक जण करतात. तेल निघण्याआधी पॉलिशपेपर फिरवला तर ते तेल नव्या ओरखड्यांतून लाकडात आणखी आत जातं, आणि नेमक्या त्याच जागी रंग धरत नाही. फर्निचर चमकवायचा सिलिकॉनवाला स्प्रे वापरलेला असेल तर रंगात बारीक गोल खड्डे पडतात. कितीही हात मारा, ते भरत नाहीत.

पुसून झाल्यावर खुर्ची दोन दिवस तशीच ठेवावी. निम्म्या वेळा असं दिसतं की रंगाची गरजच नव्हती, कडांना थोडं पॉलिश पुरलं असतं. घरात चांगली सागवानी किंवा शिसवी खुर्ची असेल आणि तिच्यावर निव्वळ हौसेखातर पांढरा रंग चढवायचा विचार असेल, तर माझं मत विरुद्ध आहे. पण खुर्ची तुमची.

‘जुना थर पार लाकडापर्यंत खरवडायलाच हवा’

या समजुतीपायी कित्येक खुर्च्या अर्धवट खरवडून माळ्यावर पडल्या आहेत. नव्या रंगाला उघडं लाकूड लागत नाही, त्याला घट्ट धरून बसलेला आणि किंचित खडबडीत असा पृष्ठभाग लागतो. जुना थर घट्ट आहे का, हे तपासणं सोपं आहे. ब्लेडने उभ्या-आडव्या चार-पाच बारीक रेघा माराव्यात, त्यावर चिकटपट्टी दाबून बसवावी आणि झटक्यात ओढावी. पट्टीबरोबर रंगाचे तुकडे आले तर तो थर काढावा लागेल. नाही आले तर २२० नंबरचा पॉलिशपेपर हलक्या हाताने फिरवून फक्त चमक मारायची. चमक गेली म्हणजे काम झालं. जिथे पोपडे आहेत तेवढ्याच जागा १२० नंबरने खरवडून कडा सपाट करून घ्याव्यात.

पण आधी आपण कशावर रंग देतोय हे कळायला हवं. न दिसणाऱ्या जागी, बैठकीच्या खालच्या बाजूला, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा मिनिटभर टेकवून ठेवावा. थर चिकट झाला आणि बोळ्याला तपकिरी रंग आला तर ते लाखेचं पॉलिश, म्हणजे सुतार ज्याला स्पिरिट पॉलिश किंवा फ्रेंच पॉलिश म्हणतात ते. स्पिरिटने काही झालं नाही, पण एनसी थिनरने थर विरघळला, तर तो लॅकर. दोन्हींनी फारसं काही झालं नाही तर मेलामाईन, पीयू किंवा जुना ऑइल पेंट.

हे माहीत असण्याचा फायदा लगेच मिळतो. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, तशी सोड्यासारख्या क्षारातही विरघळते. त्यामुळे धुण्याच्या सोड्याने फ्रेंच पॉलिशची खुर्ची स्वच्छ करायला गेलात तर मळाबरोबर पॉलिशही निघून येईल. उलट, लाखेचं पॉलिश नुसतंच निस्तेज झालं असेल तर स्पिरिटचा हलका हात फिरवून जुना थर जागच्या जागी पुन्हा एकजीव करता येतो. लाखेचं हे वैशिष्ट्य आहे. पीयूच्या थराला ते जमत नाही.

थिनर आणि टर्पेंटाइन हे एकच, अशीही एक समजूत आहे. ऑइल पेंट पातळ करायला मिनरल टर्पेंटाइन लागतं. त्यात एनसी थिनर ओतलं तर ते खालचा जुना थर फुगवतं आणि त्यावर सुरकुत्या उमटतात.

‘एक खिळा मारला की झालं’

खुर्चीच्या बाबतीतला सगळ्यात महागडा गैरसमज हाच, म्हणून त्यावर थोडं थांबतो.

डुगडुगणारी खुर्ची रंगवली तर ती रंगवलेली डुगडुगणारी खुर्ची होते. वर, हलणाऱ्या सांध्यावरचा रंग महिन्याभरात तडकतो आणि त्या फटीतून ओल आत जाते. खुर्चीत सगळ्यात जास्त ताण सहन करतो तो बाजूची पट्टी आणि मागचा पाय यांचा सांधा. मागे रेलून कोणी खुर्ची दोन पायांवर तोलली की सगळं वजन तरफेसारखं त्या एका जागी येतं. तिथे पट्टीचं टोक पायातल्या खाचेत बसवलेलं असतं. बाहेरून खिळा ठोकला की तो नेमका त्या टोकातून जातो, ते चिरतो, आणि पुढे पावसाळ्यात गंजतो. पुढच्या वेळी सुतार आला की त्याला आधी तुमचा खिळा काढावा लागतो आणि मग चिरलेलं टोक बदलावं लागतं.

‘वरून फेव्हिकॉल सोडला’ हाही उपाय नव्हे. पांढरा डिंक १९५९पासून आपल्या सुतारकामात आहे, आणि त्याने आपल्या लाकूडकामाचा चेहरा बदलला, हे खरंच. पण तो लाकडाच्या तंतूंत शिरून धरतो. जुन्या वाळलेल्या डिंकाच्या थरावर नवा डिंक धरत नाही, आणि मोकळी फट भरून काढण्याची ताकदही त्याच्यात नाही. त्यामुळे सांधा मोकळा करणं भाग आहे. रबरी हातोडीने किंवा साध्या हातोडीखाली फडकं धरून हळूहळू ठोकत सांधा सोडवायचा. सोडवण्याआधी प्रत्येक तुकड्यावर आणि त्याच्या खाचेवर पेन्सिलीने एकच आकडा लिहून ठेवायचा. सारखे दिसणारे चार पाय प्रत्यक्षात सारखे नसतात. जुना डिंक किंवा सरस कोमट पाण्याने मऊ होतो, मग पटाशीने खरवडून काढायचा. पांढरा डिंक हट्टी असेल तर पाण्याऐवजी कोमट व्हिनेगर. टोक खाचेत सैल बसत असेल तर त्याला लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवून ते जाड करायचं. मग नवा डिंक दोन्हीकडे लावून सांधा बसवायचा.

दाब देण्यासाठी घरात क्लॅम्प नसला तरी अडत नाही. चारही पायांभोवती सुतळीचे दोन-तीन वेढे घ्यायचे, मध्ये एक काठी घालून पीळ द्यायचा आणि काठी पट्टीला अडकवून ठेवायची. जुने सुतार हेच करत. डिंक ओला असतानाच खुर्ची सपाट फरशीवर उभी करून चारही पाय टेकतात का ते बघावं, नाहीतर ती तिरकीच वाळेल. चोवीस तास कोणी बसायचं नाही.

हे काम पावसाळ्यात का करू नये, याचं कारण लाकडातच आहे. दमट हवेत लाकूड आडव्या अंगाने फुगतं. ऑगस्टमध्ये सांधे आपोआप घट्ट वाटतात आणि ‘बरी झाली की खुर्ची’ असं वाटून आपण ते काम सोडून देतो. फुगलेलं टोक खाचेत दाबलं जातं, त्याचे तंतू चेपतात, आणि एप्रिलमध्ये ते सुकून आकसतं तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त सैल होतं. खुर्ची खरी कशी आहे ते उन्हाळ्यात कळतं.

‘जुनी खुर्ची म्हणजे सागवानच’

आजोबांच्या काळातली म्हणजे सागवानी, हे गृहीत धरायला आपल्याला आवडतं. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांतल्या त्या गोल पाठीच्या, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्याच घ्या. ते घाट मिखाएल थोनेट या कारागिराच्या १८५९च्या खुर्चीवरून आलेले, आणि ते लाकूड मुळात युरोपातलं बीच. सागासारखं तेलकट नाही, ओलीला आणि किड्यांना सागाइतकं दाद न देणारंही नाही. अलीकडच्या वीस-पंचवीस वर्षांत घेतलेल्या अनेक डायनिंग सेटमध्ये रबराच्या झाडाचं लाकूड असतं, तर काहींत प्लायवर चिकटवलेला सागाचा पातळ पापुद्रा. असा पापुद्रा मशीनने घासला तर दोन मिनिटांत खालचा प्लाय दिसू लागतो. बैठकीच्या खालची उघडी बाजू बघून लाकूड ओळखावं.

खरोखरचा साग असेल तर वेगळी अडचण येते. सागातले नैसर्गिक तेलकट आणि रंगीत घटक पाण्याच्या पांढऱ्या रंगातून वर झिरपतात आणि चार दिवसांत पिवळट-तपकिरी डाग उमटतात. तिसरा हात मारला, चौथा मारला, तरी डाग वर येतोच. त्यावर उपाय जाड रंग हा नाही. आधी लाखेचा, शक्यतो मेण काढलेल्या लाखेचा, एक पातळ हात द्यायचा. लाख हे डाग आत अडवते आणि तिच्यावर पाण्याचा काय, तेलाचा काय, दोन्ही रंग धरतात. सागाची छिद्रंही मोठी. गुळगुळीत फिनिश हवी असेल तर लांबी भरून, वाळवून, घासून घ्यावी लागते. नाहीतर पांढऱ्या रंगात लाकडाच्या बारीक रेघा दिसतात. मला स्वतःला त्या रेघा आवडतात.

हलका रंग द्यायचा असेल तर प्रायमर पांढराच घ्या. बाजारातला गुलाबी वुड प्रायमर काही वाईट नाही, पण पांढऱ्या रंगाखाली तो डोकावत राहतो आणि एक हात जास्त लागतो.

‘वास येत नाही म्हणजे धोका नाही’

या एका मुद्द्यावर मी हट्टी आहे. धोका डब्यातल्या नव्या रंगाइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, खुर्चीवरच्या जुन्या रंगात असू शकतो. जुन्या रंगांत शिशाची संयुगं सर्रास असत. पांढऱ्यात शिशाचा सफेता, तांबड्यात शेंदूर, पिवळ्या-हिरव्यात लेड क्रोमेट. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, असा नियम २०१६मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. म्हणजे त्याआधी रंगवलेली कुठलीही खुर्ची संशयित समजावी. नुसतं बघून ओळखता येत नाही आणि शिशाच्या धुळीला वास नसतो. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो, आणि तो भरून येत नाही.

म्हणून जुना रंगीत थर कोरडा घासू नये. वॉटर पेपर पाण्यात बुडवून ओलं घासावं, निघालेला चिखल वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत बांधावा, आणि फरशी झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसावी. हॉट गन किंवा ब्लो लॅम्पने शिशाचा रंग जाळणं तर वेडेपणाच आहे. गरोदर बाई आणि लहान मुलं त्या दिवशी घरात नसलेलीच बरी. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धुळीला अडवत नाही. एन-९५ मास्क धूळ अडवतो, पण थिनरची वाफ तोही अडवत नाही. तिच्यासाठी उघड्या खिडक्या हाच उपाय.

‘पाण्याचा रंग कच्चा, तेलाचा पक्का’

एकेकाळी खरं होतं. आज लाकडासाठी बनवलेले पाण्याचे इनॅमल आणि पीयू चांगले टिकतात, वास कमी येतो आणि पांढरा पांढराच राहतो. तेलाचा पांढरा ऑइल पेंट उजेड कमी असलेल्या खोलीत पिवळा पडतो. यात एक गंमत आहे. ऊन लागलं तर तो पिवळेपणा कमी होतो. त्यामुळे खिडकीजवळची खुर्ची पांढरी आणि कोपऱ्यातली पिवळट असा सेट तयार होतो.

पण पाण्याचा रंग म्हणजे भिंतीचा उरलेला इमल्शन नव्हे. घरातला अर्धा डबा संपवायचा म्हणून तो खुर्चीला लावणारे पुष्कळ. भिंतीचा रंग मुळात मऊ राहतो. त्यावर बसलं की उकाड्यात कपडे चिकटतात, बोटांचे ठसे उमटतात. चॉक पेंटचंही तसंच. १९९०मध्ये ब्रिटनमध्ये अ‍ॅनी स्लोन यांनी तो आणला आणि ‘घासायलाच नको’ या एका वाक्यावर तो जगभर खपला. शोभेच्या कपाटाला तो छान. जेवणाच्या खुर्चीला त्यावर चांगला व्हार्निश दिल्याशिवाय तेलाचे डाग कायमचे बसतात.

‘वाळला’ या शब्दावरही फसगत होते. तेलाचा रंग दोन टप्प्यांत वाळतो. आधी टर्पेंटाइन उडून जातं, मग रंगातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू कडक होतं. हाताला कोरडा लागतो तेव्हा पहिला टप्पा संपलेला असतो. दुसऱ्याला दोन-चार आठवडे लागतात. जाड हात मारला तर वरची साय आधी धरते, आतला रंग ओला राहतो आणि सुरकुत्या पडतात. दोन पातळ हात, मध्ये २२० नंबरचा हलका पेपर, हे एका जाड हातापेक्षा केव्हाही सरस. पावसाळी हवेत लाखेचं पॉलिश पांढुरकं पडतं, कारण स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि त्यावर दव धरतं. दिवाळीसाठी रंगवायचं तर घटस्थापनेच्या सुमारास हात घाला, धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी नको.

बाकीच्या काही समजुती

‘रंगाने कीड मरते’ हे अर्धसत्य आहे. बारीक भोकांतून पिठासारखी भुकटी पडत असेल तर आत अळ्या आहेत. रंगाचा थर बाहेरून नवी अंडी घालू देत नाही, पण आतला भुंगा तो थर पोखरून बाहेर येतोच. आधी कीडनाशक, मग भोकं लांबीने बुजवणं, मग रंग. रॉकेल मात्र नको, त्याचा तेलकट अंश राहतो आणि रंग धरत नाही.

खोबरेल तेल चोळून लाकूड चमकवणं हाही असाच प्रकार. ते कधी सुकत नाही, नुसती धूळ गोळा करतं. जवसाचं उकळलेलं तेल, म्हणजे रंगाऱ्यांचं बेलतेल, मात्र सुकतं. पण सुकताना उष्णता सोडतं, आणि त्यात भिजलेल्या चिंध्यांचा गोळा कोपऱ्यात पडला तर आपोआप पेट घेऊ शकतो. ही दंतकथा नव्हे. चिंध्या पसरून सुकवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

वेताची बैठक असेल तर ती रंगवू नका. बाहेरचा चकचकीत भाग रंग धरत नाही. सैल पडली असेल तर खुर्ची उलटी करून खालच्या बाजूने गरम ओलं फडकं ठेवावं, आणि कोणालाही न बसवता रात्रभर वाळू द्यावी. धागे तुटलेले नसतील तर ती बरीचशी ताणली जाते.

पायांचे तळवे कोणी रंगवत नाही, कारण ते दिसत नाहीत. लाकूड टोकाकडून सगळ्यात जास्त पाणी ओढतं, आणि पुसलेल्या फरशीवरचं पाणी नेमकं तिथेच लागतं. खुर्ची उलटी ठेवूनच काम सुरू करा. तळव्यांना प्रायमरचे दोन हात आणि रंगाचा एक, मग पाय, मग बैठकीची खालची बाजू. पायांना रबरी बुचं असतील तर ती काढून आतलं पाणी सुकू द्या.

आणि रंग पुरता कडक होईपर्यंत, म्हणजे निदान महिनाभर, खुर्चीवर रेग्झिनची गादी ठेवू नका. रेग्झिन मऊ राहावं म्हणून त्यात घातलेली द्रव्यं ताज्या रंगात उतरतात आणि गादी खुर्चीला चिकटते. महिनाभर सुती कापडाची गादी चालेल.